फोडणी दिली, अलार्म वाजला, परत येऊ का?

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मी सोलापूरचा. मेकॅनिकल झालोय, दीड वर्ष पुण्यात जॉब केला आणि आता मास्टर्ससाठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलोय. आज नववा दिवस. वडील एसटीत आहेत, घर तारण ठेवून 15 लाखांचं लोन काढलंय. इथे आल्यापासून एक गोष्ट धड होत नाहीये. पत्ता रजिस्टर करायला टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट मिळत नाही, ते झालं नाही म्हणून बँकवाले खातं उघडत नाहीत, खातं नाही म्हणून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून ठेवलेले पैसे निघत नाहीत. सोबत आणलेल्यातले डिपॉझिट देऊन 170 युरो उरलेत. फ्लॅटमध्ये तीन जर्मन पोरं आहेत, हालो म्हणतात आणि आपापलं दार लावून घेतात. तिसऱ्या दिवशी डाळीला फोडणी दिली तर स्मोक अलार्म वाजायला लागला, तिघंही बाहेर आले, मला तो बंद करता येईना, शेवटी एकाने खुर्चीवर चढून बंद केला. दुसऱ्या दिवशी किचनच्या दारावर जर्मनमधून चिठ्ठी आणि खाली स्मायली. ट्रान्सलेट करून बघितली तर 'स्वयंपाक करताना प्लीज खिडकी उघडा'. तेव्हापासून किचनमध्ये गेलेलो नाही. केटलमध्ये मॅगी करतो नाहीतर ब्रेड खातो. घरी सांगतो रोज वरणभात करतो, सगळं मस्त आहे. आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिलीये ती बॅगेतच आहे, संपली तर पुढे काय म्हणून उघडत नाही. रात्री झोप येत नाही. माझा डिसिजन चुकला का? परत येऊ का?"

अरे नवव्या दिवसाच्या बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, पहिल्यांदा वाचताना अलार्मपाशी हसले, त्याबद्दल सॉरी, पण दुसऱ्यांदा वाचताना हसायला आलं नाही कारण तेव्हा मी दिवस मोजले. तिसऱ्या दिवशी फोडणी, आज नववा. म्हणजे तेविशी-चोविशीतला सोलापूरचा मुलगा सहा दिवस मॅगी आणि ब्रेडवर आहे आणि मला विचारतोय की माझा डिसिजन चुकला का. अरे राजा, सहा दिवस भाकरी आमटी पोटात गेली नाही तर सोलापुरात बसून पण माणसाला आपलं सगळं आयुष्य चुकल्यासारखं वाटेल.

तर तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मी आत्ता देणार नाहीये. परत यायचं की नाही हे नाताळच्या सुट्टीत बघू, तोपर्यंत तो प्रश्न बॅगेच्या तळाशी ठेव, चटणीच्या जागी, आणि चटणी बाहेर काढ. मी पण 2012 ला आले तेव्हा केम्निट्सला पहिल्या दोन आठवड्यांत परतीच्या तिकिटाचे दर तीनदा बघितले होते, आणि तिन्ही वेळा मी उपाशी होते हे मला फार नंतर कळलं.

आधी ती चिठ्ठी. ती वाचून तुला अपमान वाटलाय, आपल्याकडे शेजारच्याने दारावर कागद चिकटवला की भांडण सुरू झालं असं आपण धरतो, बोलायचं असेल तर तोंडावर बोलतो आणि नसेल तर गप्प बसून मनात ठेवतो. इथे चिठ्ठी म्हणजे भांडण नव्हे, इथे जिन्यात, लाँड्रीत, कचऱ्याच्या डब्यावर, सायकलवर सगळीकडे चिठ्ठ्या असतात. रागावलेली चिठ्ठी कशी असते ते मला माहितीये, तिच्यात प्लीज नसतं, तीन उद्गारचिन्हं असतात आणि घराच्या नियमावलीचं कलम असतं. तुझ्या चिठ्ठीत प्लीज पण आहे आणि स्मायली पण. त्याने तुला किचन सोडून जा असं म्हटलेलं नाही, उलट तू पुढेही स्वयंपाक करणार हे धरूनच खिडकी उघड म्हटलंय! हे त्यांच्याकडचं 'ये ये, फक्त चपला बाहेर काढ'.

आणि अलार्मचं गुपित सांगते जे मला कोणी सांगितलं नव्हतं. जर्मनीत स्मोक अलार्म कायद्याने लावावे लागतात ते झोपायच्या खोल्यांमध्ये आणि बाहेर पळायच्या पॅसेजमध्ये, किचनमध्ये सहसा नसतोच. तुझ्या त्या मित्राने खुर्ची कुठे ठेवली होती आठव, पॅसेजमध्येच असणार. म्हणजे करायचं काय, तर किचनची खिडकी सताड उघडायची आणि किचनचं दार बंद करायचं. दार बंद, हे महत्त्वाचं, आपण घरी नेमकं उलटं करतो. दुसरं म्हणजे ती काचेची शेगडी गॅससारखी नाही, बंद केली तरी पाच-दहा मिनिटं तापलेलीच राहते, तेल तापतंय तापतंय म्हणून आपण फुलवर ठेवतो आणि मग एकदम धूरच. मध्यम आचेवर ठेव, मोहरी तेल फार तापायच्या आधी टाक, तडतडली की भांडं उचलून बाजूला घे आणि मग बाजूला घेतलेल्या भांड्यातच हिंग हळद तिखट. लाल तिखट त्या शेगडीवर असताना टाकलंस तर आख्खी बिल्डिंग खोकत बाहेर येईल, मी करून बघितलंय.

आता हे वाचून झालं की उठ आणि डाळ घेऊन ये. तूरडाळ नाही मिळाली तर अडू नकोस, आल्डी, लिडल, नेट्टो कुठेही लाल मसूर मिळते, पाकिटावर रोटे लिन्झन लिहिलेलं असतं, कुकर नको काही नको, पंधरा-वीस मिनिटांत शिजते. मोहरी, हिंग, कोथिंबीर टर्किश किंवा एशियन दुकानात. दही म्हणजे नाटुरयोगुर्ट, अर्ध्या किलोचा डबा, आंबट कमी असतं पण आहे दहीच. कणकेसाठी पाकिटावरचा आकडा बघ, 405 म्हणजे आपला मैदा, 1050 घेतलास तर पोळीच्या जरा जवळ जातं. रवा म्हणजे वाइत्सनग्रीस. पाणी विकत घेत असशील तर बंद कर, नळाचं पाणी पिण्याचंच आहे, आणि तसंही तू पहिली बाटली सोड्याची घेतली असणार, सगळेच घेतात. ती रिकामी बाटली फेकू मात्र नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांचे आणि कॅनचे 25 सेंट परत मिळतात, तुझ्या 170 युरोत ते पण पैसेच आहेत. दुपारी युनिव्हर्सिटीच्या मेन्झात म्हणजे कॅन्टीनमध्ये जा, विद्यार्थ्यांच्या दरात तीन-चार युरोत गरम जेवण होतं, चव सपक असते पण गरम असतं. आणि शनिवारी संध्याकाळच्या आत सामान भर, रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद, 3 ऑक्टोबरला पण बंद आणि तुमच्या राज्यात 31 ऑक्टोबरला पण, मोठ्या स्टेशनावर एखादं दुकान उघडं असतं, तिथे महाग. पहिल्या रविवारी माझ्याकडे फक्त एक लिंबू होतं.

पोट झालं, आता कागद. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट ती साखळी आहे, टर्मिन नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पैसे नाहीत, आणि रात्री दोन वाजता ही साखळी डोक्यात फिरायला लागली की ती गळ्याभोवतीच आहे असं वाटतं. पण तिच्यात दोन ठिकाणी कट मारता येतो.

पहिला कट टर्मिन. नवीन घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता रजिस्टर करायचा असा कायदा आहे, आनमेल्डुंग म्हणतात ते. व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी सांगितलं असणार की दोन आठवडे उलटले की दंड, डिपोर्ट, व्हिसा कॅन्सल. तसं काही होत नाही. दंडाची तरतूद कायद्यात आहे हे खरं, पण ऑफिसलाच जर पुढच्या महिन्याची तारीख देता येत असेल तर तुझा काय दोष, तू जी मिळेल ती टर्मिन आज बुक कर, लांबची असली तरी, आणि कन्फर्मेशनचा प्रिंट काढून ठेव, तो कागद म्हणजे तू वेळेत प्रयत्न केलास याचा पुरावा. मग रोज सकाळी उठल्या उठल्या वेबसाइट बघ, लोक कॅन्सल करतात त्या जागा सकाळी दिसतात, दुपारी जेवून बघशील तर काही नसतं. आणि जाताना घरमालकाने सही केलेला राहत्या जागेचा दाखला हवा, त्याचं नाव एवढं लांब आहे की मी अजून एका दमात म्हणू शकलेले नाही, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नुसतं भाड्याचं अॅग्रीमेंट चालत नाही. टर्मिनसाठी तीन आठवडे थांबून या एका कागदापायी परत आलेले लोक मी बघितलेत, तू होऊ नकोस.

दुसरा कट बँक. एका बँकेने नाही म्हटलं म्हणजे सगळ्यांनी नाही म्हटलं असं नाही, काही बँका पासपोर्ट, व्हिसा, अॅडमिशन लेटर आणि भाड्याचं अॅग्रीमेंट यावर खातं उघडतात आणि रजिस्ट्रेशनचा कागद नंतर आणून द्या म्हणतात. ऑनलाइन फॉर्म भरत बसू नकोस, ब्रांचमध्ये जा, सकाळी. आणि तिथेही नाहीच म्हणाले तर एक शब्द लक्षात ठेव, बाझिसकॉन्टो. युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही साधं खातं मिळायचा हक्क आहे, 2016 पासून इथे तसा कायदाच आहे, पक्का पत्ता नसलेल्यांनाही तो लागू आहे, आणि अर्ज पूर्ण दिला की बँकेने दहा कामाच्या दिवसांत करार द्यायचा असतो. हा शब्द शांतपणे उच्चारला की काउंटरपलीकडचा चेहरा जरा बदलतो. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही मेल टाक की पैसे अडकलेत, तुझ्यासारखी पन्नास पोरं दर ऑक्टोबरला त्यांच्याकडे येतात, त्यांना कुठली बँक पटकन करते ते माहिती असतं.

आणि एक बारकीशी गोष्ट जी फार महाग पडते. खाली लेटरबॉक्सवर तुझं नाव आहे का? नसेल तर आत्ता जाऊन चिकटव, सेलोटेपने चिकटव पण चिकटव. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, आडनाव बघतो, आडनाव दिसलं नाही की पत्र परत. आणि इथे सगळं पोस्टाने येतं, बँकेचं कार्ड वेगळं, पिन वेगळा, टॅक्स नंबर वेगळा, इन्शुरन्सचं कार्ड वेगळं. टीव्ही-रेडिओच्या फीचं पण पत्र येईल, महिन्याला 18 युरो 36 सेंट, आपल्याकडे टीव्ही नाही असं सांगून सुटका होत नाही, पण ती घरामागे एकच असते माणसामागे नाही, तेव्हा तुझे फ्लॅटवाले आधीच भरत असतील तर त्यांचा त्या फीचा नंबर घे आणि तुझा वाटा त्यांना दे. बघ, बोलायला विषय मिळाला.

पैशाचा हिशोब एकदा कागदावर मांड म्हणजे भीती कमी होईल. खातं चालू झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो यायला लागतील, वर्षाचे 11,904 भरून आलायस ना तू. त्यातून रूमचं भाडं, हेल्थ इन्शुरन्सचे साधारण 145, फोनचे दहा, आणि स्वतः स्वयंपाक केलास तर 180-200 मध्ये जेवण होतं. उरतात. थोडे उरतात पण उरतात. फक्त दर वस्तू बघून मनात शंभराने गुणायची सवय आहे ना ती जेवणाच्या बाबतीत सोड, कोबी 150 रुपये म्हणून कोबी घ्यायचा नाही असं केलंस तर मॅगीच राहील. जॅकेटच्या बाबतीत खुशाल गुण. आणि पार्टटाइम जॉब पहिल्या महिन्यात शोधू नकोस, सेमेस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास चालतात, वर्षाला 140 पूर्ण दिवस, ते सगळं ठीक आहे, पण आधी खातं, टॅक्स नंबर आणि झोप. हातात रोख देतो म्हणणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नकोस. तिथे व्हिसा खरंच धोक्यात येतो. व्हिसावरून आठवलं, पासपोर्टवरचा एंट्री व्हिसा कधी संपतो ती तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीचा रिमाइंडर लावून ठेव, रेसिडन्स परमिटचा अर्ज तो संपायच्या आत गेला पाहिजे, उत्तर नंतर आलं तरी चालतं.

ग्रुपबद्दल पण बोलते. आपल्या पोरांचे ग्रुप भांडी, गादी, सायकल, कुकर आणि दिवाळी यासाठी फार छान असतात, कायद्याच्या माहितीसाठी भयंकर असतात. कुणीतरी 2019 ला ऐकलेलं सांगतो, दुसरा त्यावर घाबरल्याचा इमोजी टाकतो, आणि रात्री एक वाजता तू वाचतोस. कुकर त्यांच्याकडून घे, माहिती ऑफिसच्या साइटवरून घे.

आता त्या तीन पोरांचं. दार लावून घेतात म्हणजे तुझ्यावर नाराज आहेत असं अजिबात नाही, बंद दार इथे नॉर्मल आहे, माझ्या पहिल्या फ्लॅटमधली मुलगी तीन आठवडे फक्त हालो म्हणत होती आणि मग एका रात्री मला ताप होता तर न सांगता आल्याचा चहा दारात ठेवून गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत फक्त हालो. ते तुला चहाला बोलावतील याची वाट बघशील तर फेब्रुवारी उजाडेल. तू दार वाजव आणि काहीतरी विचार. काय विचारायचं माहितीये? कचरा. खरंच सांगते. जर्मन माणसाला कचरा कुठे टाकायचा हे विचारलं की तो फुलतो. पिवळ्यात काय, निळ्यात काय, चहाचा चोथा कशात, पिझ्झाचा तेलकट खोका कागदात का नाही, काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या आणि रविवारी का टाकायच्या नाहीत, वीस मिनिटं उभा राहून समजावेल, हातात डबा धरून. वीस मिनिटं त्याने तुझ्याशी बोललेलं असतं, तुला अजून काय पाहिजे. आणि जाताना म्हण की त्या दिवशीच्या अलार्मबद्दल सॉरी, खिडकी उघडून शनिवारी परत करणार आहे, थोडी डाळ खाणार का. दोघं नाही म्हणतील, एक हो म्हणेल. एक पुरे.

कचऱ्यावरून माझी एक फजिती ऐक म्हणजे तुझा अलार्म तुला लहान वाटेल. पहिला महिना, रविवार, मी स्लिपर आणि घरच्या पायजम्यात कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले आणि मागे दार लागलं. इथली दारं ओढली की लॉक, बाहेरून मूठ फिरत नाही, किल्ली आत, मोबाइल आत, ऑक्टोबरची थंडी. दोन तास जिन्यात बसले, मग शेजारच्या आजींनी किल्लीवाल्याला फोन केला, त्याने येऊन अर्ध्या मिनिटात प्लास्टिकच्या पट्टीने दार उघडलं आणि 180 युरो घेतले, रविवारचा दर म्हणे. तेव्हा ते माझं पंधरा दिवसांचं सगळं होतं. किल्ली गळ्यात अडकव, हसू देत लोकांना, आणि एक जादा किल्ली त्या खुर्चीवाल्या पोराकडे ठेव.

मी ही गोष्ट घरी सांगितली नाही. आईला मिरजेला फोन केला आणि म्हटलं आज रविवार ना, मस्त फिरून आले. आणि इथे मला तुझ्या पत्रातली मुख्य गोष्ट दिसते. तू रोज फोनवर वरणभात शिजवतोयस. बॅगेचा कोपरा कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून मोबाइल कसा धरायचा हे तुला पाठ झालं असेल. फोन ठेवला की आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं, वाटतं ना? कारण दिवसभरात ज्यांच्याशी मराठीत बोलतोस ती दोनच माणसं आणि त्यांच्याशी पण तू नाही बोलत, तो वरणभात खाणारा दुसराच कुणीतरी बोलतो. मी हे दोन महिने केलं. शेवटी एका मैत्रिणीच्या तोंडून आईला सगळं कळलं, तर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. 180 युरोवरून नव्हे, मी फिरून आले म्हटलं त्यावरून.

मी असं नाही म्हणत की फोन करून रड. वडिलांना रात्री झोप येत नाही वगैरे सांगितलंस तर ते तारणाचे कागद काढून बसतील, त्याने कुणाचंच भलं नाही. लोनचं म्हणशील तर शिकत असेपर्यंत बहुतेक बँका हप्ता मागत नाहीत, तुझ्या सँक्शन लेटरवर मोरॅटोरियम किती ते बघ आणि तो विषय तिथेच मिटव. पण अलार्म सांग. ती गोष्ट चांगली आहे रे. फोडणी दिली, सायरन वाजला, तीन जर्मन चड्डीवर बाहेर आले, एक खुर्चीवर चढला. आई हसेल, मग विचारेल तेव्हापासून जेवतोस काय, तेव्हा खरं सांग. ती ओरडेल. ओरडू दे. मग ती तुला सांगेल की धूर न करता फोडणी कशी द्यायची, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगेल, आणि तिला पण वाटेल की पोरगा एवढ्या लांब गेला तरी आपण अजून कामाचे आहोत. टर्मिन मिळत नाही हे वडिलांना सांग, एसटीतल्या माणसाला सरकारी काउंटरबद्दल तुझ्यापेक्षा जास्त कळतं, फॉर्म कधी घेऊन जायचा आणि साहेब कधी चांगल्या मूडमध्ये असतो हे सगळीकडे सारखंच आहे.

रोज तीनदा फोन मात्र नको. इरावतीबाई कर्व्यांनी 1930 च्या सुमारास बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली तेव्हा पत्र बोटीने जायचं, इकडचं दुःख तिकडे पोचेपर्यंत इकडे विसरलेलं असायचं, त्यात पण काहीतरी सोय होती असं मला कधीकधी वाटतं. तुझं दुःख अर्ध्या सेकंदात सोलापूरला पोचतं आणि तिकडून काळजी होऊन परत येतं. वेळ ठरवून घे, एक दिवसाआड म्हण, इथली दुपार म्हणजे तिकडे संध्याकाळ, आत्ता साडेतीन तासांचा फरक आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं की साडेचार होईल, आईला आधीच सांगून ठेव नाहीतर त्या दिवशी फोन का नाही आला म्हणून घाबरेल.

त्या घड्याळाच्या रविवारनंतर अंधार लवकर पडायला लागतो, डिसेंबरमध्ये चार-सव्वाचारला सूर्य गायब, सकाळी आठनंतर उजाडतं. आपल्याला, त्यातून सोलापूरच्या माणसाला, उन्हाचा कंटाळा असतो, उन्हाची कमतरता काय असते ते माहितीच नसतं. म्हणून आत्ता जो उजेड आहे तो घे. ब्राउनश्वाइगमध्ये ओकर नदीचे फाटे जुन्या शहराला दोन्ही बाजूंनी वळसा घालतात, त्या काठाने चालायला जा, फुकट आहे. गणितज्ञ गाउस त्याच गावात जन्मला 1777 साली, तूच घोकलेला तो गाउस, एलिमिनेशनवाला. तोही 1795 ला घर सोडून ग्योटिंगनला शिकायला गेला होता, फक्त त्याला ड्यूकने पैसे दिले होते, घर तारण ठेवावं लागलं नव्हतं.

कॉलेजचं थोडक्यात. वेळापत्रकात दहा सी टी लिहिलं असेल तर सव्वादहाला सुरू, तास संपला की पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर ठोकतात, दचकू नकोस. हजेरी सहसा घेत नाहीत, म्हणून न जाणं फार सोपं आहे आणि तिथेच आपली पोरं घसरतात, तेव्हा जा. आणि परीक्षेला स्वतः पोर्टलवर नाव नोंदवायचं असतं, ठरलेल्या तारखांच्या आत, इथे कोणी हॉल तिकीट आणून देत नाही, तारीख गेली की त्या सेमेस्टरची परीक्षा गेली. हे पुण्यासारखं 'सर लेट फी भरतो' चालत नाही.

झोपेचं मी गंमतीत नेत नाहीये. नऊ दिवस समजू शकते. पण नीट जेवायला लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांनंतर पण रात्री डोळा लागत नसेल, उठावंसं वाटत नसेल, किंवा स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं तर त्याला होमसिक म्हणून ढकलू नकोस. विद्यार्थ्यांच्या मेन्झा आणि हॉस्टेल चालवणारी जी संस्था असते, श्टुडेंटनवेर्क, त्यांच्याकडे समुपदेशन विद्यार्थ्यांना फुकट असतं, इंग्लिशमध्ये बोलणारं कोणीतरी बहुतेक मिळतं, आणि त्याचा तुझ्या व्हिसाशी मार्कांशी काही संबंध येत नाही. रात्री-अपरात्री एकदम बिघडलं तर 112. साधं आजारपण आणि दवाखाने बंद असतील तर 116117. हे दोन नंबर सेव्ह करूनच पुढचं वाच.

पुढचं फार नाहीच. आज काय वार आहे मला माहीत नाही, पण दुकान उघडं असेल तर डाळ आण. नसेल तर नाटुरयोगुर्ट कुठल्यातरी पोराच्या फ्रिजमधून उसनं माग, खुर्चीवाल्याच्याच माग. आणि बॅग उघड. शेंगाचटणी ठेवून ठेवून वाढत नाही रे, शेंगदाण्याला तेल सुटतं आणि मग ती खवट होते, आणि तुझ्या आईने कुटलेली चटणी जर्मनीत बॅगेत खवट झाली तर ते मात्र तिला कधीच सांगू नकोस. कडक भाकरी टिकते, ती हवं तर अर्धी ठेव. चटणी दह्यात कालव, वर कच्चा कांदा फोड, भाकरी चुरून घाल, दहा मिनिटं मुरू दे. शेगडी नको, धूर नको, अलार्म नको. किचनमध्ये टेबलाशी बसून खा, खोलीत नको.

टर्मिन मिळाली की कळव.

तुझी,
ताई